गुंतवळ, मांजराचे पिल्लू आणि पोटात गेलेला केस : एक थ्रेड

चांदवडच्या एखाद्या घरात सकाळी वेणीफणी होते. आरशाखाली चार-दोन लांब केस पडतात. दोन-तीन महिन्यांचे मांजराचे पिल्लू ते पंजाने ओढते, तोंडात धरते आणि पाहता पाहता गिळून टाकते. घरातल्यांना हसू येते. दोन-तीन दिवसांनी तेच पिल्लू खाण्याला तोंड लावत नाही, पिवळे पाणी ओकते, कोपऱ्यात अंग चोरून बसते. तेव्हा त्या हसण्याची आठवण नकोशी होते.

इतिहासाच्या थ्रेडमध्ये मांजराचे पिल्लू कशासाठी, असे कुणी विचारील. उत्तर असे की पोटात गेलेला केस हा भारतीय वैद्यकाच्या ग्रंथांत किमान दीड हजार वर्षे नोंदलेला रोगहेतू आहे. जनावरांच्या पोटातील गोळ्यांना गोव्यात एके काळी रत्नांच्या पंक्तीत बसवले गेले. आणि चांदवडसारख्या गावांतील घरोघरच्या बायकांनी गळलेल्या केसांची एक काटेकोर शिस्त पिढ्यानपिढ्या पाळली. त्या शिस्तीमागे मांजराचा विचार मुळीच नव्हता. तरीही तिचा लाभ मांजरालाच सर्वाधिक झाला असावा.

प्रथम गावाविषयी थोडे. सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी, मुंबई-आग्रा मार्गावर वसलेले चांदवड अठराव्या शतकात होळकरांकडे होते. त्यांचा कोरीव लाकूडकामाचा रंगमहाल आजही गावात उभा आहे आणि रेणुकामातेच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराशी अहिल्याबाईंचे नाव जोडलेले आहे. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला, त्यात हा टापूही गेला. अशा बाजारपेठेच्या गावात धान्याची कोठारे असतात, कोठारांत उंदीर असतात, आणि उंदीर असले की मांजर असते. मराठी घरात मांजर हौसेने पाळले जाण्याच्या कितीतरी आधीपासून ते कामापुरते नांदत आले.

माणसाच्या घराशी असलेला त्याचा हा शेजार फार जुना आहे. सिंधमधील चान्हुदडो येथे १९३५-३६ च्या उत्खननात हडप्पाकालीन एक वीट मिळाली. ती ओली असताना तिच्यावरून मांजर पळाले आणि त्याच्या पाठोपाठ कुत्रे. दोघांच्या पंजांचे ठसे विटेत कायमचे राहिले. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर मारल्याबद्दल प्रायश्चित्त सांगितले आहे. आपल्याकडे मांजराच्या हत्येचे पातक फेडायला सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे मुलांना बजावले जाई. मात्र मांजर आजारी पडले तर काय करावे, याविषयी परंपरा जवळजवळ मुकी आहे. घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा आहे, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आहे. मांजराच्या वाट्याला असा नावाजलेला वैद्यकग्रंथ आला नाही. राजाला त्याच्यावर बसून लढाईला जाता येत नव्हते, एवढेच त्याचे कारण असावे.

आता मूळ प्रश्नाकडे. पिल्लू केस गिळतेच कसे? त्याच्या जिभेवर केराटिनचे बारीक काटे असतात आणि त्या सर्वांची टोके घशाच्या दिशेने वळलेली असतात. २०१८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी हे काटे टोकाशी पोकळ, पळीसारखे असल्याचे दाखवून दिले. त्यांच्यामुळे लाळ अंगावरील केसांच्या मुळापर्यंत पोहोचते. अंग चाटून स्वच्छ ठेवण्यासाठी ही रचना उत्तम. तिचा तोटा एकच : जिभेवर चढलेली बारीक, लांब वस्तू बाहेर टाकणे मांजराला अतिशय अवघड जाते. काटे तिला आतच ढकलतात. म्हणजे जे आपल्याला पिल्लाने ‘खाल्ले’ असे वाटते, ते पुष्कळदा खेळता खेळता जिभेत अडकून आपोआप आत गेलेले असते.

मांजर स्वतःचे केसही रोज गिळते. मग माणसाच्या केसाचेच भय का? फरक लांबीचा आहे. मांजराचा केस आखूड असतो. तो विष्ठेवाटे पडतो किंवा गोळा होऊन ओकला जातो. माणसाचा कमरेपर्यंतचा केस साठ-सत्तर सेंटीमीटरचा असू शकतो, आणि प्रौढ मांजराचे लहान आतडे मीटर-सव्वा मीटरच्या आसपास. पिल्लाचे त्याहूनही कमी. केस पचत नाही. एखाद-दुसरा केस बहुतेक वेळा निमूटपणे बाहेर पडतो, हेही येथे सांगितले पाहिजे, नाहीतर प्रत्येक घरात विनाकारण घबराट होईल. परंतु अनेक केस एकत्र पिळले गेले, किंवा केसाला रबर, धागा वा रिबीन गुंतलेली असली, की त्याची दोरी होते. तिचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकते आणि दुसरे आतड्यात उतरते. आतडे तर आपल्या स्वभावधर्माप्रमाणे ते पुढे ढकलतच राहते. परकराच्या नेफ्यात नाडी ओवून ओढावी तशा आतड्याला चुण्या पडतात, आणि ताणलेली दोरी हळूहळू आतड्याची भिंत कापू लागते.

हे चित्र प्राचीन वैद्यांना माणसाच्या बाबतीत ठाऊक होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगांचा अध्याय आहे. त्यात ‘बद्धगुदोदर’ नावाचा प्रकार येतो : मलमार्ग अडल्यामुळे होणारा उदररोग. त्याच्या कारणांत अगदी आरंभी येते ते अन्नाबरोबर पोटात गेलेले पापणीचे आणि इतर केस. लक्षणांत तहान, अन्नावरची वासना उडणे, मलावरोध, पोट फुगणे आणि ओकारी यांचा समावेश आहे. बेंबीच्या वर गाईच्या शेपटासारखा उंचवटा दिसतो, असेही निरीक्षण त्यात आहे. सुश्रुतसंहिता हीच व्याधी सांगताना केसांबरोबर खड्यांचाही उल्लेख करते आणि एक रोखठोक उपमा देते : नालीत केरकचरा साचत जावा तसा आतड्यात मल साचत जातो. नाली तुंबलेली ज्याने पाहिली आहे, त्याला यापुढे आणखी स्पष्टीकरण लागत नाही.

सुश्रुताचे खरे धाडस पुढे चिकित्सास्थानात आहे. रोग्याला स्नेहन-स्वेदन करावे, बेंबीच्या खाली डाव्या अंगाला पोट चिरावे, चार बोटे आतडे बाहेर काढून नीट तपासावे, अडवणारा खडा, केस किंवा मल काढून टाकावा, आतड्याला मध-तूप लावून ते पुन्हा जागच्या जागी ठेवावे आणि बाहेरची जखम शिवावी. आतड्याला भोक पडले असेल तर त्याच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून घ्याव्यात आणि मुंग्यांची धडे तोडून टाकावीत, म्हणजे डोकी टाक्यांसारखी राहतात, अशी युक्तीही तेथेच आहे. शुद्ध हरपवणारी आजच्यासारखी औषधे नसताना यातले किती रोगी जगले असतील, याचा अंदाज न बांधलेलाच बरा. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे आहे ते निदान. केस हा अन्नमार्ग अडवतो, आणि अडला तर तो काढावा लागतो, ही गोष्ट त्या वैद्यांनी संशयाला जागा न ठेवता लिहिली. हे दोन्ही ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आजच्या रूपाला आले. विसाव्या शतकात मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या संपादनात ते छापले, तेव्हापासून ते सर्वांच्या हाती आहेत.

असे असताना मध्ययुगात याच्या नेमकी उलट एक समजूत बळावली. जनावरांच्या पोटात सापडणारा गोळा औषधी असतो, इतकेच काय तो विष उतरवतो, अशी ती समजूत. फारसीत त्याला ‘पादजहर’ म्हणत, म्हणजे विषावरचा उतारा. त्यापासूनच युरोपीय भाषांतील ‘बेझोआर’ हा शब्द आला. आपल्याकडच्या जुन्या औषधांत ‘जहरमोहरा’ हे नाव येते, तेही याच कल्पनेच्या कुळातले.

या व्यापाराचे मोठे केंद्र होते गोवा. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह हा त्याचा रुग्ण आणि स्नेही. हीच ती निजामशाही, जिच्याकडून सातमाळेचे किल्ले १६३० च्या दशकात मुघलांनी घेतले. ऑर्ताचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात बेझोआरवर एक स्वतंत्र संवाद आहे. इराणातील एका जातीच्या बोकडाच्या जठरात एखाद्या बारीक काडीभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर चढत जाऊन हा खडा तयार होतो, असे तो सांगतो. हे निरीक्षण अचूक आहे. न पचणारी वस्तू जठरात अडकते आणि तिच्याभोवती थर बसतात. ती वस्तू काडी असेल, बी असेल, नाहीतर केसांचा पुंजका असेल. निरीक्षण इतके नेमके असूनही ऑर्ताचा त्याच्या औषधी गुणांवर विश्वास होता. रोगाचे चिन्ह डोळ्यांपुढे ठेवून त्यालाच औषध समजण्याचे हे उदाहरण विसरण्यासारखे नाही.

त्याच काळात फ्रान्समध्ये शल्यवैद्य आंब्रुआझ पारे याने राजा नववा शार्ल याच्या संमतीने याची परीक्षा पाहिली. चांदीची भांडी चोरल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्याला विष आणि त्यावर बेझोआर देण्यात आला. वाचलास तर मोकळा, असे त्याला सांगितले होते. काही तासांच्या यातनांनंतर तो मेला. प्रयोग क्रूर होता आणि निष्कर्ष निःसंदिग्ध. तरीही बाजार थांबला नाही. अस्सल बेझोआर दुर्मीळ झाला तेव्हा सतराव्या शतकात गोव्याच्या जेझुइटांपैकी गास्पार आंतोनियो याने बेझोआर, कस्तुरी, अंबर, मोती, पोवळे यांचे मिश्रण वळून वर सोन्याचा वर्ख दिलेले कृत्रिम गोळे बनवले. ‘गोव्याचे खडे’ म्हणून ते युरोपभर गेले. सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवलेला असा एक खडा आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

वैद्यकाने आता त्या शब्दाचा अर्थ पालटून घेतला आहे. पोटात साचलेल्या कोणत्याही न पचणाऱ्या गोळ्याला बेझोआर म्हणतात आणि केसांच्या गोळ्याला ‘ट्रायकोबेझोआर’. माणसातील अशा केशगोळ्याची नोंद १७७९ मध्ये फ्रेंच वैद्य बोदामाँ याने केली. स्वतःचे केस खाण्याची सवय असलेल्या रुग्णांत गोळ्याची शेपटी आतड्यात उतरते, त्या अवस्थेला १९६८ मध्ये परीकथेतल्या लांब केसांच्या रापुंझेलचे नाव मिळाले. पिल्लाच्या पोटात होते तेही याच जातीचे, फक्त मोजमाप लहान.

येथून पुन्हा चांदवडच्या आरशापाशी येऊ. मराठीत विंचरताना निघालेल्या केसांच्या गुंत्याला खास शब्द आहे : गुंतवळ. ज्या वस्तूला स्वतंत्र नाव असते, तिची व्यवस्थाही ठरलेली असते. गुंतवळ बोटाभोवती गुंडाळायचे, त्याची घट्ट गाठोळी करायची आणि भिंतीच्या फटीत खोचायची किंवा डब्यात टाकायची, अशी ही व्यवस्था. तिन्हीसांजेला केस विंचरायचे नाहीत. केस मोकळे सोडून स्वयंपाकघरात यायचे नाही. विंचरून झाले की केरसुणी फिरवल्याशिवाय उठायचे नाही.

यामागची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. पहिले कारण अन्नशुद्धीचे. धर्मशास्त्रात केस वा किडा पडलेल्या अन्नाला ‘केशकीटावपन्न’ असा शब्दच आहे आणि ते अन्न वर्ज्य मानले आहे. चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात गळलेला केस दिसत नाही, म्हणून सांजवेळचा निषेध, असे घराघरांतून सांगितले जाते आणि ते पटण्यासारखे आहे. दुसरे कारण संस्काराचे. गृह्यसूत्रांत चूडाकर्माच्या वेळी कापलेले केस शेणाच्या गोळ्यात घालून गोठ्यात किंवा पाण्याकाठी पुरून ठेवण्यास सांगितले आहे. जावळाचे केस कुठेही फेकायचे नाहीत, ही आजची रीत त्याच वाटेने आलेली. सुटे केस गोठ्यात पडले की वासरे ते चाटतात आणि त्यांच्याही पोटात गोळे होतात; सूत्रकारांनी हे कारण दिलेले नाही, पण शेणात लिंपून पुरलेला केस वासराच्या जिभेला लागत नाही एवढे खरे.

तिसरे कारण भयाचे. आपला केस वैऱ्याच्या हाती लागला तर करणी होते, भानामती होते, ही धास्ती. गुंतवळ टाकण्यापूर्वी त्यावर थुंकण्याची सवय त्यातूनच आली. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तरी ही सवय काही घरांत अजून आहे.

चौथे कारण निव्वळ व्यवहाराचे, आणि कदाचित तेच सर्वांत बळकट. गुंतवळाला मोल होते. साठवलेल्या केसांचे गंगावन करून तेच अंबाड्यात घालता येई. सुया, पिना, बिब्बे घेऊन दारोदार फिरणाऱ्या बायका गुंतवळाच्या बदल्यात जिन्नस देत. पुढे केसांवर भांडी आणि मुलांसाठी फुगेही मिळू लागले. हा व्यापार संपलेला नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या मानवी केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, यावरून त्याचा पसारा कळावा.

ही शिस्त आठवून गहिवरण्याचे मात्र कारण नाही. तिचा सगळा भार बायकांवर होता. पुरुषांची हजामत न्हावी ओट्यावर करून जाई, आणि बाईचा केस तेवढा अशुभ, अशुद्ध, लपवण्याजोगा ठरे. याच मनोवृत्तीच्या टोकाला विधवांचे केशवपन होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईतील न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवण्यास नकार दिला, ही घटना केसांच्या कोणत्याही मराठी इतिहासात वगळता येणार नाही. भय गेले, सोवळे गेले, हे चांगलेच झाले. त्यांच्याबरोबर गुंतवळाचा डबाही गेला, एवढेच वाईट. आता केस न्हाणीघराच्या जाळीवर, पलंगाखाली, पंख्याच्या वाऱ्याने दाराआड साचतात. माणसाच्या डोक्यावरून रोज साधारण पन्नास ते शंभर केस गळतात. चौघांच्या घरात आठवड्याला किती, हा हिशेब पिल्लाच्या उंचीवरून पाहण्याजोगा आहे; त्याचे तोंड जमिनीपासून वीतभरावर असते.

म्हणून आजचा उपाय बराचसा जुन्या रिवाजातूनच उचलता येतो, भीती वगळून. विंचरण्याची जागा एक ठेवावी. उठण्यापूर्वी गुंतवळ गोळा करून, गुंडाळून, झाकणाच्या डब्यात टाकावे. उघड्या टोपलीत टाकलेले गुंतवळ पिल्लासाठी तयार खेळणे असते. न्हाणीतील जाळी रोज साफ करावी. हे नियम घरातील पुरुषांनाही लागू समजावेत. केसांची रबरे, रिबिनी, सुईतला दोरा यांनाही तोच नियम. चांदवडच्या शेजारी येवला आहे. तेथे पैठणीच्या मागांमुळे रेशमाचे तुकडे आणि संक्रांतीच्या पतंगांमुळे मांजा घरोघर असतो. धाग्याचा धोका केसाहूनही मोठा, कारण तो तुटत नाही.

पिल्लाच्या बाजूनेही काही करता येते. साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान त्याचे दुधाचे दात पडून नवे येतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात आणि ते दिसेल ते चावते. आईपासून फार लवकर तोडलेली पिल्ले लोकर, कापड, केस चोखण्याची खोड धरतात. म्हणून दोन महिन्यांच्या आत पिल्लू उचलून आणू नये. दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटे त्याच्याशी खेळावे आणि खेळ झाला की दोरीचे खेळणे कपाटात ठेवावे. कुंडीत गवत किंवा गहू पेरून ठेवले तर चघळायला तेही चालते. केस तोंडात घेताना दिसले तर ओरडू नये. ओरडण्याने ते घाईने गिळते. खाऊ किंवा चेंडू पुढे करून लक्ष वळवावे. एवढे करूनही ते केस, माती, कापड शोधून शोधून खात असेल, तर जंत, रक्तक्षय किंवा अपुरा आहार यांची तपासणी करून घ्यावी.

आणि आडत असल्याची चिन्हे चरकाने माणसात सांगितली त्यांच्याशी बरीच मिळतीजुळती आहेत : अन्न सोडणे, वारंवार ओकणे, शी न होणे, पोट ताठ होणे. अशा वेळी एरंडेल, तूप किंवा तेल पाजू नये. तेल श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि जुलाबाच्या औषधाने आतड्याचा जोर वाढून दोरी अधिकच कापते. तोंडातून किंवा गुदद्वारातून केसाचे वा धाग्याचे टोक लोंबताना दिसले तर ते ओढण्याचा मोह होतो. ते मुळीच ओढू नये. त्याचे दुसरे टोक आत कोठे अडकले आहे, हे बाहेरून कळत नाही.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचे रोजचे काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचे असते. क्ष-किरण, सोनोग्राफी किंवा शस्त्रक्रिया लागली तर चांदवडहून बहुधा सुमारे ६५ किलोमीटरवरचे नाशिक गाठावे लागते. म्हणून वाट पाहण्यात रात्र घालवू नये. निघताना पिल्लाने शेवटचे कधी खाल्ले, किती वेळा ओकले, शी कधी झाली हे लिहून घ्यावे, आणि घरातल्या ज्या कुणाचे केस सर्वांत लांब असतील त्यांचा एक केस कागदात गुंडाळून बरोबर न्यावा, म्हणजे आत काय आणि किती लांबीचे असू शकते हे डॉक्टरांना दाखवता येते.